गॅरेजच्या चुकीने गाडी बिघडली? भरपाई मागण्याचा रस्ता, पायरीपायरीने

सर्व्हिसिंग करून आणलेली गाडी दोन दिवसांत बंद पडते. गॅरेजला फोन लावला की ठरलेलं उत्तर येतं, "साहेब, आमच्याकडून गाडी ओके गेली होती." मग कोणी तावातावाने भांडतो, कोणी नाद सोडून दुसरीकडे इंजिन काम करून घेतो. भांडणारा आणि सोडून देणारा, दोघांच्याही हाती बहुधा काहीच लागत नाही.

ग्राहक कायदा तुमच्या बाजूने पुरेसा भक्कम आहे. पण अशा तक्रारी ढासळतात त्या फार आधी. ग्राहक आयोगात अर्ज जाईपर्यंत इंजिन खोलून झालेलं असतं, जुने पार्ट भंगारात गेलेले असतात, आणि नेमकं काय झालं होतं हे दाखवायला काही उरलेलं नसतं. म्हणून या लेखात पहिल्या दोन-चार दिवसांवर जास्त भर दिला आहे. नियम आणि आकडे भारतातले आहेत, उदाहरणं महाराष्ट्रातली.

आधी गाडी बंद करा

समजा, ऑइल आणि फिल्टर बदलून तुम्ही पुण्याहून साताऱ्याला निघालात आणि खंबाटकी घाटाच्या अलीकडे ऑइलच्या किटलीचा लाल दिवा लागला. हा दिवा ऑइलचा दाब पडल्याचं सांगतो. ‘पुढच्या पंपावर बघू’ म्हणण्याइतका वेळ त्यात नसतो. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा आणि ‘बघू तरी सुरू होते का’ म्हणून पुन्हा स्टार्टर मारू नका. टेंपरेचरचा काटा चढला तरी हेच.

हे इंजिनसाठी जितकं गरजेचं, तितकंच दाव्यासाठी. भारतीय करार कायद्याच्या (१८७२) कलम ७३ प्रमाणे भरपाई मोजताना, नुकसान कमी करण्याचे कोणते मार्ग हातात होते हेही पाहिलं जातं. दिवा लागल्यावर तुम्ही आणखी वीस किलोमीटर गाडी रेटली, तर समोरच्याच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो.

उतरण्याआधी डॅशबोर्डचा फोटो घ्या. त्यात किलोमीटर आणि पेटलेले दिवे दिसले पाहिजेत. गाडी ढकलत किंवा दोर बांधून नेऊ नका, टोइंग बोलवा. बऱ्याच विमा पॉलिसींत रस्त्यावरच्या मदतीचं कलम जोडलेलं असतं, ते तपासा. पावती मागून घ्या.

आणि कोणालाही ती खोलू देऊ नका

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त चुकणारी. गाडी दुसऱ्या गॅरेजात पोचली की तिथला मिस्त्री उत्साहाने पाना घेऊन खाली शिरतो. त्याला थांबवा. जॉब कार्डवरच लिहून घ्या: ‘पाहणीसाठी उभी, मालकाच्या लेखी परवानगीशिवाय खोलू नये.’ गॅरेज नको असेल तर घरच्या पार्किंगमध्ये उभी केली तरी चालेल.

आता फोटो आणि व्हिडिओ. व्हिडिओ सलग हवा: आधी नंबर प्लेट, मग किलोमीटर, मग बॉनेट उघडून डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी), मग गाडीखाली चेंबर (इंजिनखालचं ऑइलचं भांडं), ड्रेन बोल्टची (ऑइल काढून टाकायच्या बोल्टची) जागा, फिल्टरची कड, ऑइल उडाल्याचे डाग. मधे कापाकापी केलेल्या व्हिडिओवर शंका घ्यायला जागा राहते. गाडी अलीकडची असेल तर स्कॅनर लावून फॉल्ट कोडची, म्हणजे गाडीने स्वतः नोंदवलेल्या बिघाडांची, प्रिंट काढून घ्या. हे बॅटरी काढण्याआधी करा, कारण बऱ्याच गाड्यांत बॅटरी काढली की ही माहिती पुसली जाते. कोड ‘क्लिअर’ करायला तर साफ मनाई करा.

त्याच दिवशी पहिल्या गॅरेजला लेखी कळवा. व्हॉट्सॲप चालेल, ईमेल त्याहून चांगला, दोन्ही केलंत तर उत्तम. मजकूर साधा ठेवा:

"दि. … रोजी जॉब कार्ड क्र. … प्रमाणे आपल्याकडे गाडी क्र. … चं ऑइल व फिल्टर बदललं. तेव्हा किलोमीटर … होते. आज … किलोमीटरवर ऑइलचा दिवा लागला व गाडी बंद करावी लागली. ड्रेन बोल्ट जागेवर नाही, फोटो सोबत जोडले आहेत. गाडी … इथे न खोलता उभी आहे. आपण किंवा आपल्या माणसाने दि. … पर्यंत येऊन पाहणी करावी. न आल्यास तज्ज्ञाकडून पाहणी करून गाडी खोलण्यात येईल."

राग, शिव्या, ‘तुम्हाला बघून घेतो’, यातलं काही नको. हाच संदेश पुढे आयोगातला एखादा सदस्य वाचणार आहे असं धरून लिहा. पाहणीला पाच-सात दिवसांची मुदत रास्त. ते आले तर दोघांच्या समोर गाडी खोला आणि काय सापडलं ते कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. सही द्यायला नकार दिला तर तसं लिहा. आलेच नाहीत तर तेही तुमच्याच बाजूचं आहे, कारण बोलावल्याचा पुरावा तुमच्याकडे आहे.

मग तज्ज्ञाचा अहवाल. इथे एक अडचण हमखास येते. दुसरा मेकॅनिक तोंडाने सगळं सांगतो, "बोल्ट आवळलाच नव्हता, साहेब." लिहून मागितलं की गप्प होतो. त्याला त्याच बाजारात रोज त्याच माणसांत धंदा करायचा असतो, त्यामुळे त्याच्यावर चिडून उपयोग नाही. परवानाधारक विमा सर्व्हेअरला फी देऊन पाहणी करून घ्या, किंवा पॉलिटेक्निकमध्ये ऑटोमोबाइल शिकवणाऱ्या कुणाला विचारा. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरचा छापील पाहणी अहवालही वजनदार ठरतो. अहवालात काय दिसलं, त्याचं कारण काय, आणि दुसरं कारण का संभवत नाही, या तिन्ही गोष्टी हव्यात. तिसरी बहुतेक अहवालांत नसते आणि नेमकी तिच्यावरच उलटतपासणी होते. खाली सही, शिक्का, शिक्षण, अनुभव.

काढलेले पार्ट तुमचे आहेत. बेअरिंग, बोल्ट, वॉशर, फिल्टर, बेल्ट, जे निघेल ते पिशवीत घालून तारखेची चिठ्ठी लावून घरी आणा. ऑइल, कूलंट किंवा ब्रेक ऑइलबद्दल शंका असेल तर दोन स्वच्छ बाटल्यांत नमुने सील करा.

गाडी परत त्याच गॅरेजला द्यावी का? अधिकृत सर्व्हिस सेंटर असेल आणि त्यांनी आधी लेखी चूक मान्य केली असेल, तर जरूर द्या. तो सगळ्यात स्वस्त आणि लवकरचा मार्ग आहे. पण आधी लेखी कबुली, मग किल्ली. "घेऊन या, बघून देतो" एवढ्यावर गाडी सोपवलीत तर उद्या बोल्ट नवा दिसेल आणि चेंबर धुतलेलं असेल.

चूक आणि नुकसान यांना जोडणारा धागा

काम नीट झालं नाही एवढ्यावर भरपाई मिळत नाही. त्या कामामुळेच हे नुकसान झालं, हे तक्रारदाराने दाखवायचं असतं. त्यामुळे काही प्रकरणं सोपी असतात, काही फार अवघड.

ड्रेन बोल्ट सैल राहून पडणं किंवा आटे गेलेला बोल्ट तसाच बसवणं हे सोप्यात मोडतं. नवा फिल्टर बसवताना जुन्याची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली आणि दोन रिंगा एकावर एक बसल्या, तर ऑइल दाबाने बाहेर फेकलं जातं. त्या दोन रिंगांचा फोटो अर्धं काम करतो. चाक काढून बसवल्यावर काही किलोमीटरमध्ये व्हील नट निघणं, टायमिंग बेल्ट दात चुकवून बसवल्याने व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळणं, ब्रेकच्या टाकीत चुकून खनिज तेल ओतल्याने सगळी रबरी सिलं फुगणं, इथेही दोषाचा माग थेट त्या कामापर्यंत जातो. कूलंट बदलल्यावर हवा नीट न काढल्याने इंजिन तापून हेड गॅसकेट गेलं, तर प्रकरण थोडं कठीण, पण किलोमीटर कमी आणि तारखा जवळच्या असतील तर उभं राहतं.

आता दुसरी बाजू. सस्पेन्शनचं काम केल्यावर एसी बंद पडला, दीड लाख किलोमीटर चाललेल्या गाडीचा क्लच सर्व्हिसिंगनंतर महिन्याने गेला, तर ‘आधी चालत होतं, नंतर बंद पडलं’ एवढाच आधार उरतो. तो पुरत नाही. अशा वेळी तज्ज्ञाने स्पष्ट ‘नाही’ म्हटलं तर ऐका. बिल कमी करून घेण्याची बोलणी करा आणि पुढे चला.

कागद

जॉब कार्ड, एस्टिमेट, बिल, पैसे दिल्याचा पुरावा, गॅरेजशी झालेले सगळे संदेश. जॉब कार्डवर गाडी देतानाचे किलोमीटर असतात, म्हणून ते बिलाइतकंच मोलाचं.

बिल नसेल तर? नाक्यावरच्या गॅरेजमध्ये पक्कं बिल मिळणं कठीण, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण यूपीआयची नोंद, "गाडी तयार आहे, ४२०० झाले" असा मेसेज, पार्टच्या दुकानाची पावती, यांवरूनही सेवा घेतल्याचं दाखवता येतं. शिवाय बिल न देणं हीच ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अनुचित व्यापार प्रथा आहे. तक्रारीत तो मुद्दा वेगळा मांडा. मोबाइलमधले संदेश आणि व्हिडिओ दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडा. नोटरीकडे नमुना मिळतो.

बिलाच्या मागे बारीक अक्षरात ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर’ छापलेलं असतं, भिंतीवर पाटीही असते. तिला घाबरू नका. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलमध्ये पार्किंगसाठी सोपवलेली मारुती झेन चोरीला गेली होती. त्या प्रकरणात २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ताब्यात घेतलेल्या गाडीबाबत स्वतःचा निष्काळजीपणा झाला असेल तर अशी ओळ छापून हॉटेलला सुटता येत नाही. गॅरेजमध्ये सोपवलेल्या गाडीबाबतही हा निकाल दाखवण्यासारखा आहे.

उलट बाजूने एक सावधगिरी. दुरुस्तीचे पैसे बाकी असतील तर करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे गॅरेजला गाडी अडवून ठेवता येते. बिलावर वाद असला आणि गाडी अडकली असेल, तर ‘हरकत नोंदवून पैसे देत आहे’ असं बिलावर आणि मेसेजमध्ये लिहून पैसे भरा, गाडी सोडवा, मग भांडा. गॅरेजसमोर बसून राहिलात तर रोज पार्किंगचा आकडा वाढवला जाईल, दुसरं काही होणार नाही.

किती मागायचं

दुरुस्तीचा खर्च, टोइंग, पाहणीची फी, चुकीच्या कामाचे दिलेले पैसे. गाडी बंद असतानाचा प्रवासखर्चही मागता येतो, पण तो रास्त हवा आणि पावत्यांसह. बस किंवा लोकलने ऑफिस गाठता येत असताना रोज दोन्ही वेळा कॅब केली तर ती पूर्ण रक्कम मिळेल असं धरू नका. मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च या नावाखाली आयोग रक्कम देतात, पण ती सहसा माफकच असते. पन्नास हजारांच्या दुरुस्तीला पाच लाखांचा मनस्ताप लावला की खऱ्या मागणीचंही वजन कमी होतं.

‘जुन्याच्या जागी नवं’ हा समोरच्याचा ठरलेला मुद्दा: तुमचं इंजिन लाखभर किलोमीटर चाललेलं, आम्ही नव्या इंजिनचे पैसे का द्यावे? यात तथ्य आहे. अख्खं नवं इंजिन मागण्यापेक्षा जे बिघडलं तेवढंच दुरुस्त करण्याचं एस्टिमेट दोन ठिकाणांहून घ्या. ऑइलअभावी बेअरिंग गेले असतील तर बेअरिंग, क्रँकचं काम, गॅसकेट, मजुरी असा सुटा हिशेब मांडला की आकड्यावर विश्वास बसतो.

विम्याचं थोडक्यात. सर्वसाधारण पॉलिसीत यांत्रिक बिघाड, झीज आणि ओघाने होणारं नुकसान वगळलेलं असतं, त्यामुळे इंजिन जाम झालं तर तिथून फारशी आशा नाही. गॅरेजच्या पोराने ट्रायलला नेऊन गाडी धडकवली तर गोष्ट वेगळी: चालवणाऱ्याकडे वैध परवाना असेल तर दावा करता येतो. मात्र तुमचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो, आणि तो ५० टक्क्यांपर्यंत असू शकतो. म्हणून आधी गॅरेजकडूनच दुरुस्ती मागा. दावा केलाच, तर बुडालेला बोनस आणि तुमच्या खिशातून गेलेली रक्कम गॅरेजकडे मागा. एकाच नुकसानीचे पैसे दोन्हीकडून घेता येत नाहीत.

बोलणी, मग नोटीस

अहवाल आणि एस्टिमेट हातात आलं की मालकाला भेटा, काउंटरवरच्या पोराशी वाद घालू नका. अधिकृत सेंटर असेल तर सर्व्हिस मॅनेजर, मग वर्क्स मॅनेजर, मग कंपनीचं ग्राहक सेवा केंद्र, आणि प्रत्येक वेळी तक्रार क्रमांक घ्या. बरीच प्रकरणं इथेच मिटतात. फुकट मजुरी आणि पार्टचे अर्धे पैसे असा तोडगा निघत असेल तर शांतपणे विचार करा. दोन वर्षांच्या तारखांपेक्षा तो परवडू शकतो. तडजोड कागदावर घ्या: कोणतं काम, कोणते पार्ट, किती दिवसांत, किती महिन्यांची वॉरंटी. ‘माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही’ या वाक्याखाली गाडी चालवून पाहिल्याशिवाय सही करू नका.

तोडगा नाही निघाला तर नोटीस. वकिलाकडूनच हवी असं नाही, स्वतः लिहिलेलीही चालते. घटना तारीखवार, चूक, अहवालाचा सारांश, रक्कम आणि पंधरा दिवसांची मुदत एवढं पुरे. पूर्वीचं रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे. म्हणून स्पीड पोस्टने पाठवून पोचल्याची नोंद छापून ठेवा. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवा. मोठ्या कंपन्या आणि त्यांचे डीलर तिथल्या तक्रारीला बऱ्याचदा उत्तर देतात. गल्लीतल्या गॅरेजवर तिचा परिणाम कमी.

पोलीस ठाण्यात गेलात तर ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ असं ऐकायला मिळेल, आणि निव्वळ कामातल्या चुकीबाबत ते बरोबरही आहे. पार्ट चोरले, खोट्या सह्या केल्या, तर मात्र तिथे जायला हवं.

ग्राहक आयोग

तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत अर्ज करायचा. बोलणी चालू होती म्हणून ही मुदत आपोआप वाढत नाही.

२०१९ च्या कायद्याने दोन गोष्टी सोप्या केल्या. तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी-धंदा करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते; कोल्हापूरकराची गाडी मुंबईत बिघडवली गेली तरी अर्ज कोल्हापुरात. आणि आयोग कोणता हे दाव्याच्या रकमेवर नव्हे, सेवेसाठी मोजलेल्या पैशांवर ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, म्हणजे गॅरेजचं जवळपास प्रत्येक प्रकरण तिथेच. मोजलेले पैसे ५ लाखांच्या आत असतील तर शुल्क शून्य.

अर्ज ई-जागृती या पोर्टलवरून ऑनलाइन करता येतो. वकील लागतोच असं नाही. पण तज्ज्ञाची उलटतपासणी होणार असेल तर वकील घेतलेला बरा. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था मार्गदर्शन करतात. अधिकृत सेंटर असेल तर डीलर आणि उत्पादक कंपनी दोघांनाही सामनेवाले (म्हणजे विरुद्ध पक्ष) करा. कंपनी ‘डीलर स्वतंत्र आहे’ म्हणून हात झटकेल, आणि निव्वळ सर्व्हिसिंगच्या चुकीत ती बऱ्याचदा सुटतेही.

ग्राहक कोण, यावरून दोन अडथळे येतात. गाड्यांचा ताफा चालवणारी कंपनी व्यावसायिक हेतूमुळे बाहेर पडते, पण स्वतः टॅक्सी चालवून पोट भरणारा ग्राहकच आहे. दुसरं, पूर्ण फुकट सेवा कायद्यात बसत नाही. ओळखीच्या मिस्त्रीने मैत्रीखातर केलेलं काम आयोगापुढे नेता येणार नाही. कंपनीच्या ‘फ्री सर्व्हिस’बाबत हाच आक्षेप घेतला जातो. तिथे दोन उत्तरं द्या: ती सर्व्हिस गाडीच्या किमतीतच धरलेली होती, आणि ऑइल-फिल्टरचे पैसे तुम्ही वेगळे मोजले होते.

नोटीस मिळाल्यावर सामनेवाल्याला म्हणणं मांडायला ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. त्यापुढे त्याचं लेखी म्हणणं घेतलं जात नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे पक्कं केलं. निकाल तीन महिन्यांत, तांत्रिक तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वर्ष-दोन वर्षं धरून चाला. तोवर गाडी बंद ठेवायची गरज नाही. पाहणी, फोटो आणि पार्ट हाती असतील तर दुरुस्त करून वापरा आणि बिल जोडा.

निकाल तुमच्या बाजूने लागला तरी पैसे दुसऱ्या दिवशी येत नाहीत. समोरच्याला राज्य आयोगाकडे अपील करायला ४५ दिवस असतात, मात्र आधी निम्मी रक्कम भरावी लागते. या अटीमुळे बरेच जण अपील न करता तडजोडीला येतात. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत, तर त्याच जिल्हा आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करा. आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अर्जासोबत आदेशाची प्रमाणित प्रत जोडावी लागते, म्हणून निकालाच्या दिवशीच तिच्यासाठी अर्ज देऊन ठेवा.